रान डोक्यावर घेणारी

लोक विचारतात, जंगलाच्या संशोधनाकडे कसे वळलात? मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. खरं उत्तर आजवर कुणापुढेच उच्चारलेलं नाही — बायकोपुढेही नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोल्हापुरात नुकतंच एम.एस्सी. झालं होतं. आमच्या विभागातल्या सरांना राधानगरीच्या जंगलातला एक प्रकल्प मिळाला — हिरडा, शिकेकाई गोळा करून जगणारी माणसं आणि ते रान, दोघंही टिकतील कशी? पाऊस बदलतोय, त्याचं काय? संशोधकाची जागा एकच. दावेदार दोघं — मी आणि माझ्याच वर्गातली, नेसरीची सुनंदा. ती माझ्याहून हुशार होती का? होती. शिवाय वाडीवरच्या बायका तिच्याशी बोलायच्या. मला बघून गप्प व्हायच्या.

निवडीआधी भर पावसाळ्यात सरांनी आम्हा दोघांना पाहणीला पाठवलं. पायवाटेवर माझ्या पोटरीला जळवा लागल्या. मी — कसं सांगू? — किंचाळलो. मटकन खाली बसून रडलो. सुनंदानं तंबाखू चोळून एकेक जळू सोडवली. "ऊठ बाबा, गवं हसत्याल. कुणाला सांगत न्हाय मी." आणि खरंच नाही सांगितलं.

परतल्यावर सरांनी मला एकट्याला विचारलं, सुनंदा रानात टिकेल का रे?

"ती? सर, जळू चिकटली की रान डोक्यावर घेती!"

सर पोट धरून हसले. विभागभर किस्सा झाला. पोरं तिला 'जळूबाई' म्हणू लागली. तसं नव्हतं, असं ती एकदाच म्हणाली — तर पोरं आणखीच हसली. माझं नाव तिनं तेव्हाही घेतलं नाही. मी तिथंच उभा होतो.

जागा मला मिळाली. पुढचं सगळं — पदवी, नोकरी, मान — त्या जागेतूनच आलं. सुनंदा शिरोली एमआयडीसीतल्या एका लोखंड ओतण्याच्या कारखान्यात साच्यांची वाळू तपासायला लागली. जागा जाईल या भीतीपोटी बोललो, असं म्हणू? नाही. वाक्य झकास जमलं होतं. मला ते आवडलं होतं.

बऱ्याच वर्षांनी एकदा तिच्या घरी गेलो. नवरा मोकळा माणूस.

"पावणं, आमच्या हिला बी रानातच काम करायचं हुतं की! पर जळवांस्नी भ्याली, न्हवं?"

सुनंदा चहा घेऊन दारात उभी होती. माझ्याकडे बघत होती. खोलीत आम्ही तिघंच. तेव्हा तरी —

"व्हय की," मी म्हणालो. आणि हसलो.