तीन तासांची टेप, तीन तास

बंगळुरातल्या मराठी लग्नांत कोण कोणावर रुसलं, कोणाच्या आत्याला आहेराची साडी आवडली नाही आणि कोणता जावई मंगलाष्टकं चालू असताना घड्याळ बघत होता, याची जेवढी बित्तंबातमी माझ्या बायकोच्या मामांना आहे, तेवढी या लग्नांतल्या नवरानवरींनाही नसेल. यांतल्या बहुतेक लग्नांचं मामांना बोलावणंसुद्धा नव्हतं. ती त्यांनी वीस-पंचवीस वर्षांनंतर, मल्लेश्वरममधल्या आपल्या मागच्या खोलीत, लाकडी खुर्चीवर ताठ बसून पाहिली आहेत. मामा लोकांच्या जुन्या व्हिडिओ टेपा कॉम्प्युटरवर उतरवून देतात. पण उतरवून झाल्यावर विषय संपत नाही. टेपेतली माणसं मामांच्या नात्यातली होऊन बसतात. एकदा जवळच्या आठव्या क्रॉस रस्त्यावर मी त्यांच्याबरोबर भाजी घेत होतो, तर समोरून एक भारदस्त गृहस्थ आले. मामांनी त्यांना अडवलं आणि विचारलं, "तुमच्या आत्याबाईंनी शेवटी घेतली का हो ती हिरवी साडी?" टेप घेऊन त्यांची बायको आली होती, स्वतः त्या गृहस्थांनी मामांना जन्मात पाहिलं नव्हतं. ते दोन पावलं मागे सरकले. मामांनी त्यांना धीर दिला, "घाबरू नका. चूक तुमच्या आईचीच होती, मी नीट बघितलंय."

मामा एका सरकारी कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात, नातवंडं सांभाळतात, निदान सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतात. मामांनी तीन जुने व्हीसीआर गोळा केले. एक चालतो, दुसरा चालणारा बंद पडला तर असावा म्हणून आहे, आणि तिसरा नुसता अवयवदानासाठी ठेवलाय. टेप हातात आली की मामा आधी तिचा वास घेतात. अत्तराच्या दुकानात बायका मनगट नाकाशी नेतात तशी टेप नाकाशी नेऊन, डोळे मिटून निदान करतात: "माळा. पत्र्याखालचा. दोन पावसाळे तरी गळलाय." मग ती उघडून, आतली बुरशी मऊ कापडानं पुसत फूटफूट पट्टी पुढे सरकवत राहतात. मामींच्या जुन्या लुगड्यांचं कापड यासाठी सगळ्यांत चांगलं, असं त्यांचं मत आहे. जुन्याची व्याख्या मामा आणि मामी वेगवेगळी करतात, त्यामुळे त्या घरात कपाटाला कुलूप असतं.

पण मामांचा खरा जाच म्हणजे त्यांचे नियम. टेप ठेवून जायची नाही. जो आणेल त्यानं ती उतरेपर्यंत शेजारी बसायचं. पुढे पळवायची नाही. काही कापायचं नाही. तीन तासांची टेप, तीन तास. शेजारच्या अक्का आपल्या मुलीच्या बारशाची टेप घेऊन आल्या. त्यात वीस मिनिटं नुसतं छताचं चित्रण होतं, कारण कॅमेरा चालू ठेवूनच कॅमेरावाला जेवायला गेला होता. थोडं कापा म्हणून अक्का काकुळतीला येऊन म्हणाल्या, "सर, स्वल्प कट माडि." मामांनी पडद्यावरच्या पंख्याच्या पात्यांवरची नजर न हलवता कापायला नकार दिला, "कट माडोदिल्ला." एचएसआर लेआउटमधून एक नव्या पिढीचा गृहस्थ आला होता. तो म्हणाला, "अंकल, इम्पॉर्टंट तेवढंच द्या ना, बाकी स्किप करा. मला चार वाजता कॉल आहे." मामांनी त्याला खुर्ची दिली आणि म्हणाले, "इम्पॉर्टंट काय ते तुम्ही ठरवणार? पंगतीत बसलेल्या माणसांनी काय घोडं मारलंय?" चार वाजता त्या गृहस्थाचा फोन वाजून वाजून बंद पडला. तो गालावर हात ठेवून बावीस वर्षांच्या आपल्या आईकडे बघत बसला होता.

पंगतीचा एवढा पुळका मामांना का, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. कोणाच्या तरी मुंजीच्या टेपेचा तिसरा तास चालू होता, टेप आणणारे काका खुर्चीतच घोरत होते, आणि मामांनी मला जवळ बोलावून आपला गुन्हा सांगितला. टेपेच्या कडेला प्लास्टिकचा एक छोटा तुकडा असतो. तो मोडला की तिच्यावर पुन्हा काही रेकॉर्ड होत नाही. मामांनी घरातल्या एकूण एक टेपांचे तुकडे मोडून ठेवले होते, अगदी मामींच्या भरतकामाच्या कार्यक्रमाच्यासुद्धा. फक्त मुलाच्या मुंजीच्या टेपेचा ठेवला होता, कारण मामांना तिच्या शेवटी स्वतःच्या अक्षरात 'समाप्त' अशी पाटी टाकायची होती. पाटी रंगवून तयार होती, वाळत घातली होती. तेवढ्यात नवा व्हीसीआर आला. त्याचा टायमर तपासायला मामांनी हाताला लागेल ती टेप आत सरकवली आणि कारखान्यात निघून गेले. संध्याकाळी येऊन बघतात तो मुंज संपूर्ण पुसलेली, आणि तिच्या जागी नारळाच्या झाडावरच्या किडीविषयी कन्नडमधून तीन तास माहिती. टायमर मात्र मिनिटाचाही फरक न करता चालला होता.

मुंज गेली तर गेली, मुलाला तिचं काही नव्हतं. पण त्या टेपेत मामींचे वडील होते. अप्पा दर हिवाळ्यात बेळगावहून येऊन इथे राहायचे, आणि मुंजीनंतर चार महिन्यांत ते गेले. त्यांचं हलतंबोलतं चित्र घरात दुसरं नव्हतं. मामांनी मामींना सांगितलं नाही. टेप कपाटाच्या वर, अगदी मागे ठेवून दिली. मामींनी एकदाही ती मागितली नाही, आणि हे आपलं नशीब, असं मामा समजत आले. त्यातून आणखी एक काटा होता. मुंजीच्या दिवशी मामा स्वतःच कॅमेरा घेऊन फिरत होते आणि बॅटरी बदलण्यासाठी त्यांनी मामींना भिक्षावळीचं ताट हातात धरून दहा मिनिटं उभं केलं होतं. तेव्हा अप्पा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "जावईबापू, तुम्ही मुलाचे बाप आहात की फोटोग्राफर?" मामा त्या दिवशी जेवले नव्हते. त्यानंतर सासरा-जावयात धड बोलणं झालं नाही, आणि मग अप्पाच राहिले नाहीत.

"पण अप्पांना लोकांच्या कार्यांत जेवायला फार आवडायचं," मामा मला म्हणाले होते. "इथल्या मराठी मंडळींचं एक कार्य त्यांनी सोडलं नाही. कुठल्या ना कुठल्या पंगतीत असणारच." परक्यांच्या पंगतींत अप्पांना शोधायला म्हणून हा सगळा उपद्व्याप चालला होता. मी तोवर त्यांना विक्षिप्त म्हणत आलो होतो, आणि तोंडावरही म्हणालो होतो. त्या दिवशी मला त्याची लाज वाटली.

अप्पा माझ्या लग्नालाही आले होते. आमच्या लग्नाची टेप बेळगावला माझ्या थोरल्या भावाकडे होती आणि मामा तिच्यासाठी माझ्या कायम मागे असत. मी चालढकल करायचो. स्वतःचं लग्न न पळवता पुन्हा बघायचं या कल्पनेनं कोणीही करील. पण आता भावाला तंबी दिली. त्याला ती एका साडीच्या खोक्यात सापडली आणि त्यानं ती कुरिअरनं पाठवली. एका रविवारी सकाळी मी मारतहळ्ळीतल्या माझ्या घरून निघालो, रिंग रोडवर दीड तास काढला, आणि टेप मामांच्या हातात दिली. त्यांनी वास घेतला. "चांगली आहे," एवढंच म्हणाले. त्या दिवशी निदान पुढे गेलं नाही.

आम्ही बसलो. मी वरातीत होतो, मग बोहल्यावर होतो, मला मिश्या होत्या. मामांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. दोन तासांनी पंगत आली. कॅमेरा एका बाजूनं संथ सरकत होता. आवाजाच्या जागी कॅमेरावाल्यानं सनई घातली होती, त्यामुळे कोणाचंच बोलणं ऐकू येत नव्हतं. मामा खुर्चीच्या टोकावर आले. समोरची रांग संपली आणि कॅमेरा वळला तो अलीकडच्या रांगेच्या पाठीमागून. पाठीच पाठी. त्यांतल्या एका म्हाताऱ्या पाठीच्या माणसापुढे जिलब्यांचं ताट आलं. त्यांनी पानावर दोन्ही हात आडवे धरले, जोरजोरात मान हलवली, आणि वाढपी पुढे निघाला तसं त्याच्या धोतराचं टोक धरून त्याला परत ओढलं. चेहरा दिसला नाही. कॅमेरा पुढे गेला.

मामांनी चष्मा काढला. "पाठ काय कामाची," ते पुटपुटले. "आवाजही नाही. हिला काय दाखवू?"

"अप्पा," मागून मामी म्हणाल्या.

त्या कॉफी घेऊन दारात कधीच्या उभ्या होत्या. पेले तिथेच स्टुलावर ठेवून त्या आत आल्या. मामा उठून उभे राहिले आणि एका दमात, कारखान्यात अपघाताचा रिपोर्ट द्यावा तसं, टायमर, पाटी, तुकडा, नारळ, सगळं सांगून मोकळे झाले.

"मला माहीत आहे," मामी म्हणाल्या. "अप्पांच्या पहिल्या श्राद्धाला मी टेप काढून लावली होती. तुम्ही कारखान्यात होता."

"मग विचारलं का नाहीस?"

मामींनी पदराला हात पुसले. "मला वाटलं, तुम्ही मुद्दाम पुसलीत. अप्पा बोलले होते ना तुम्हाला, चारचौघांत." मग त्या म्हणाल्या, "विचारलं असतं आणि तुम्ही हो म्हणाला असतात, तर मग मी काय केलं असतं?"

मामा खाली बसले. एवढी वर्षं परक्यांच्या लग्नांत एक माणूस शोधणाऱ्या त्या बडबड्या गृहस्थानं हातातला चष्मा सदऱ्याला पुसायला घेतला. मी उठलो, तशी मामींनी माझी खुर्ची ओढून घेतली आणि त्यांच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लागेल अशा बसल्या. मी भिंतीला टेकलो. मला भरून आलं होतं आणि ते लपवायला त्या खोलीत जागा नव्हती. टेप चालूच होती. पडद्यावर माझी बायको आईच्या गळ्यात पडून रडत होती आणि मी बाजूला, काय करावं ते न सुचून, गाडीचं दार धरून उभा होतो. मामा-मामींपैकी कोणीच तिकडे बघत नव्हतं.