देवाच्या डोहाला लावलेला कौल

आमच्या गावाखाली कृष्णा वळते, तिथं देवळाच्या पायथ्याशी खोल डोह होता. त्यात जाळं टाकायचं नाही, अशी रीत. मासे देवाचे. मांडीएवढे जाड. पायरीशी येऊन अशा रुबाबात तोंडं उघडायचे, की जणू पंगतीत वाढप्यानं उशीर केलाय. पावसाळ्यात तेच बाहेर पडून ओढ्याओघळींत अंडी घालायचे, आणि त्यांच्या पिलावळीवर गावचा भोई वर्षभर पोट भरायचा.

लढाई संपली आणि ऐन उन्हाळ्यात गावचा एक जवान घरी आला. पलटणीत पूल उडवायला शिकलेला! त्याच्या पानात मासा पडलाच पाहिजे, असं चावडीवर ठरलं. पण नदीत मासा होता कुठं? आसपासच्या गावांनी डबक्यांत शेराचा विषारी चीक ओतून पिल्लंसुद्धा संपवली होती. उरला डोह, आणि विहिरीच्या सुरुंगाची दारू.

देवाला विचारल्याशिवाय कसं करणार? गुरवानं मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार. पडली डावी.

"देव झोपंत हाय," पाटील म्हणाले. "परत लाव."

परत डावी.

"उजवीला पाणी कमी लाव की रं!" जवानाचा चुलता ओरडला. देऊळ हसून हसून लोळलं.

भोयाची बायको मात्र पायरीवरून कडाडली, "आवं पाटील, बियाणाची कणगी फोडून घुगऱ्या शिजवता व्हय? मासं आता गाभोळीनं भरल्यात. ते मेलं तर आमी काय धरायचं?"

"गप ए! देव बोलतोय."

"देव मघाच बोललाय. दोनदा."

तिसऱ्या खेपेला उजवीकडची कोरडी पाकळी टपकन पडली आणि ढोल वाजला. मग धाड! पाण्याचा खांब कळसापर्यंत गेला. पांढरी पोटं वर आली, तेवढी लोकांनी पाट्या भरून नेली. बाकीचे मासे तळाशी गेले आणि दोन दिवसांनी फुगून वर आले. गुरव नाकाला धोतराचा सोगा लावून आरती ओवाळू लागला. असा सोहळा देवानं कधी पाहिला नसेल.

पावसाळा आला, गेला. भोई रोज जाळं टाकी आणि शेवाळ काढी. थंडी पडली तशी त्याची बायको जाळं उसवून त्याच्या सुतळीची दावी वळायला बसली.

"फुडल्या साली येतील की मासं," पाटील म्हणाले. "जरा दम धर."

"आलं तर तुमीच धरा," ती मान वर न करता म्हणाली. "दारू हायच गावात."

दोघं आष्ट्याकडं गेली, गुऱ्हाळावर चुलवणात जाळ घालायला. त्यांचा डोंगा घाटालाच बांधलेला राहिला. विकत घ्यायला कोणी आलं नाही. पुढच्या पुरात तो वाहून गेला, तेही कुणी पाहिलं नाही.