अकरा शून्यं

शेजारच्या वहिनींची द्राक्षबाग माझ्यामुळे गेली. मी खोटी नोंद केली होती, ती खोटी आहे हे मला वेळेत समजलं होतं, आणि तरीही मी गप्प बसलो. गावात कुणी मला दोष देत नाही. म्हणून मीच लिहून ठेवतो आहे.

मी एका हायस्कूलात प्रयोगशाळा सहायक होतो. आमचा मळा पिंपरी पेंढारच्या शिवारात. नव्वद सालानंतर कधीतरी शाळेच्या भंगारात एक जुनं पर्जन्यमापक निघालं. वर पितळी नरसाळं, खाली डबा, त्यात बाटली आणि सोबत काचेचं मोजपात्र. मी ते घरी आणलं, बांधाकडेला सिमेंटच्या ओट्यावर बसवलं आणि रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी मोजून रजिस्टरात लिहू लागलो. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य. गावात मला 'वेधशाळा' असं नाव पडलं. एसटीच्या थांब्यावर कुणीतरी हमखास विचारी, "काय वेधशाळा, आज गोधड्या धुवायला काढू का नको?" मी वरवर चिडायचो, पण ते नाव मला आवडत होतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. भाद्रपदात शाळेच्या हॉलमध्ये पुण्याहून एक हवामानाचे अभ्यासक बोलायला आले. पृथ्वी तापते आहे, परतीचा पाऊस लांबत जाईल, द्राक्षवाल्यांनी छाटणीच्या तारखा जरा जपून धराव्यात, असं ते सांगत होते. मला राग येत होता. रेडिओवरचा उद्याचा अंदाज चुकताना मी रोज ऐकत होतो, आणि हे गृहस्थ पंचवीस वर्षांपुढचं बोलत होते. मी रजिस्टर घेऊन उभा राहिलो.

"साहेब, तुमचा अंदाज आहे, माझ्याकडे नोंद आहे. तेरा वर्षांत दसऱ्यानंतर आमच्याकडे एखादी भुरभुर सोडली तर पाऊस नाही. मग बिघडलं काय?"

टाळ्या पडल्या. त्यांनी हसून रजिस्टर बघायला मागितलं. मी ते काखेत धरून ठेवलं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं शेजारच्या वहिनी उठल्या. "भाऊजी, तीन सालामागं दिवाळीत पडला व्हता की. आमची बाजरी खळ्यावर भिजली. कणसांना मोड आलं."

मी ते पान काढलं. शून्य. "वहिनी, इथं शून्य आहे. का खळ्याशेजारी मोटारीचा पाइप फुटला होता?"

सगळा हॉल हसला. सर्वांत मोठ्यानं त्यांचा नवराच हसला. "बस खाली. भाऊंचं लिवल्यालं हाय. तुझं कुठं लिवलंय?"

वहिनी बसल्या. मीही हसत होतो.

त्या दोघांची बाग माझ्या बांधाला लागून होती. एकरभर. त्या वर्षी पहिलंच भरघोस पीक यायचं होतं. रोपं लावली तेव्हा वीज नसायची, तर वहिनींनी हंड्यानं पाणी घालून ती जगवली होती. छाटणी कधी करायची यावर घरात वाद चालला होता. नवऱ्याला दसऱ्याआधी उरकायची होती, म्हणजे माल लवकर निघून भाव सापडला असता. वहिनी म्हणत होत्या, पाऊस अजून गेलेला नाही, थोडं थांबू. त्या दिवशी माझ्या रजिस्टरानं तो वाद मिटवला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत बसून मी ते पान पुन्हा उघडलं. खरं तर टाळ्या अजून कानात होत्या, म्हणूनच उघडलं. एकाखाली एक अकरा शून्यं होती. सगळ्यांची शाई एक, तिरपेपणा एक. एका बैठकीत काढलेली. समासात पेन्सिलीनं बारीक अक्षर होतं, 'शि'.

शि म्हणजे शिनोली, माझी सासुरवाडी. सहामाही परीक्षा संपून दिवाळीची सुट्टी लागली की दरवर्षी आम्ही तिकडे भाताच्या कापणीला जायचो. निघताना शेळ्या-पोरांनी छेडू नये म्हणून मी नरसाळ्यावर घमेलं उपडं घालून वर दगड ठेवायचो. परत आलो की घमेलं काढायचं, बाटली कोरडी बघायची आणि राहिलेल्या दिवसांपुढे शून्यं भरायची. तिथं नुसती रेघ हवी होती. मी मागची पानं चाळली. तेराही वर्षं तेच होतं.

आणखी एक गोष्ट आठवली. त्या साली शिनोलीत भाताच्या पेंढ्या वाहताना मी स्वतः ओलाचिंब झालो होतो. सासऱ्यांनी पुसायला पंचा दिला होता. डोंगराकडचा पाऊस, आपल्याकडे कशाला पोचतोय, असं म्हणून घरी येऊन मी शून्य लिहिलं होतं.

संध्याकाळी सांगायचं ठरवूनच मी त्यांच्या बागेत गेलो. छाटणीची टोळी परवा यायची होती आणि मुकादमाशी बोलणं चाललं होतं. नवरा लांबूनच ओरडला, "या वेधशाळा! तुमच्या शब्दावर कात्री लावतोय बरं का!"

मुकादम म्हणाला, "सही घ्या राव त्यांची."

वहिनींनी चहा आणला. कप माझ्या हातात देता देता हळूच विचारलं, "भाऊजी, ते दिवाळीचं पान परत बघितलंत का?"

"बघितलं."

"मग?"

सगळे माझ्याकडे बघत होते. "शून्यच आहे," मी म्हणालो.

पानावर शून्यच होतं. त्या वाक्याच्या आडून मी चहा संपवला आणि घरी आलो. छाटणीला अजून एक पूर्ण दिवस होता. त्या दिवसात मी दोनदा बांधापर्यंत जाऊन माघारी फिरलो.

छाटणी झाली. काड्यांवरचे डोळे फुटले, कोवळ्या फुटीवर बारीक घड दिसायला लागले. दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा बायकोनं पिशव्या भरल्या. "तुम्ही येत न्हाई?" तिनं विचारलं. नोंदी घ्यायच्या आहेत, असं सांगून मी मागे राहिलो. त्या वर्षी डबा पहिल्यांदाच उघडा होता.

पूर्वेला ढग येऊन थांबले. चार दिवस ते तिथून हलले नाहीत. हवा कोंदट, पान हलत नव्हतं. वहिनींचा नवरा रोज सकाळी बांधावरून विचारायचा, "काय भाऊ?" आता तो वेधशाळा म्हणत नव्हता. मी म्हणायचो, "जाईल निघून."

पाचव्या दिवशी दुपारी सुरू झाला आणि तीन दिवस पडला. मी तिन्ही सकाळी पाणी मोजलं आणि आकडे लिहिले. पलीकडे नवरा पाठीवर पंप घेऊन उघडीप मिळेल तशी फवारणी करत होता आणि पुढची सर ती धुऊन नेत होती. वहिनी चिखलातून पाण्याच्या कळशा आणून देत होत्या. पानांवर तेलकट डाग आले, पानांखाली पांढरी बुरशी धरली. डावणी म्हणतात तिला. फुलोरा येण्याआधीच घड तपकिरी पडून गळाले.

लोक म्हणाले, "हवामानच बदललंय राव. वेधशाळा तरी काय करणार?" मी मान डोलावली. ज्या अभ्यासकांना भर सभेत मी खोटं पाडलं होतं, त्यांच्याच बोलण्याच्या आडोशाला आता मी उभा होतो.

पुढच्या हंगामाला नवऱ्याचं मन राहिलं नाही. त्यानं वेली उपटल्या, मांडवाचे लोखंडी अँगल काढून विकले, कांदा लावला. वहिनींशी माझं बोलणं सणावारापुरतं उरलं. तीन वर्षं गेली. एका रविवारी मी लाल पेन घेऊन बसलो आणि न मोजलेल्या प्रत्येक दिवसाचं शून्य खोडून रेघ मारली. मग पुन्हा पहिल्यापासून बघितलं. पाऊस बदलला का, हे त्यातून सांगता येत नव्हतं, ना माझ्या बाजूनं, ना त्या अभ्यासकांच्या. साऱ्या जगाच्या अंदाजांवर मी शंका घेत होतो आणि माझं स्वतःचं घमेलं मला कधी दिसलं नव्हतं.

रजिस्टर घेऊन बांधावर गेलो. वहिनी कांदा खुरपत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी खुरपं थांबवलं नाही.

"मला म्हाईत व्हतं," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"दर दिवाळीला तुमचं घमेलं उपडं दिसायचं इथनं. बाग गेली त्या साली ते नव्हतं. तवाच उमगलं, भाऊजी न्हाई म्हंजे पाऊस न्हाई."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी मान वर केली.

"हसला व्हतात कुठं?"

"शाळेत."

"मग हितं बांधावर कुणाला सांगताय? ही कांद्याची पात ऐकंल व्हय?"

पुढची सभा पाण्याच्या पाळ्यांवर होती, त्याच हॉलमध्ये. वहिनी बायकांत मागे बसल्या होत्या. विषय संपल्यावर मी उठलो. कुणीतरी म्हणालं, "आलं आलं, हवामान खातं आलं!" आणि हशा पिकला. तो ओसरेपर्यंत मी थांबलो. मग रजिस्टराचं ते पान सगळ्यांकडे धरलं आणि मागच्या रांगेकडे बघून बोललो.

"वहिनी, त्या दिवाळीला पाऊस पडला होता. मी गावात नव्हतो. डबा झाकून गेलो होतो आणि आल्यावर शून्य लिहिलं. छाटणीआधी तुम्ही मला विचारलंत तेव्हा हे मला माहीत होतं, तरी मी खोटं बोललो. तुमची बाग त्यात गेली. याच हॉलमध्ये मी तुम्हाला हसलो होतो. माझं चुकलं. मला माफ करा."