मामांची गाडी दांडीला नेताना

नाशिकहून निघालो तेव्हा कडाक्याची थंडी होती. नीलिमा, माझी बायको, शाल गुंडाळून कुडकुडत बसली होती. मी मात्र खूश होतो, कारण इंजिनाला अशीच हवा हवी होती.

गाडी माझ्या मामांची. गोल बोनेटची, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा असलेली, माझ्या मामेबहिणीच्या वयाची. मामा बोईसरला कारखान्यात होते. ते गेल्यावर त्यांची मुलगी वसुधा मला म्हणाली, "अरुणदादा, ही तूच ने. दारात उभी राहून कुजेल." कित्येक वर्षं ती माझ्याकडे ताडपत्रीखालीच होती. मग दिवाळीनंतर वसुधाचा फोन आला. ती लग्न करत होती. पन्नाशी ओलांडल्यावर, पहिल्यांदाच. मामांच्या आजारपणात तिचं लग्नाचं वय कधी निघून गेलं ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. फोनवर तिनं एकच मागणी केली, "बाबांच्या गाडीतून जायचंय मला. जमेल?"

मी हो म्हणून बसलो आणि इंजिन उघडायला दिलं. बोअर केलं, नवे पिस्टन घातले, रेडिएटरची जाळी बदलली. गाडी ताब्यात देताना मेकॅनिकनं बजावलं, "इंजिन अजून घट्ट आहे, लवकर तापेल. काटा लाल पट्टीकडे सरकला की थांबायचं. एकदा उकळलं तर हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, वाकेल आणि सगळं पुन्हा उघडावं लागेल."

म्हणून आमचा प्रवास थांबत थांबतच झाला. त्र्यंबक मागे टाकून घाट उतरलो, मोखाड्याला पहिला मुक्काम केला. मुक्काम म्हणजे बोनेट उघडायचं, रेडिएटरच्या झाकणाला हात न लावता उभं राहायचं आणि चहा प्यायचा. जव्हारला तेच, विक्रमगडला तेच. कापणी झालेली भातखाचरं, डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेतलेल्या बाया, मध्येच एखादी निळी टेकडी असं बरंच काही वाटेत होतं म्हणे. ते नीलिमाला आठवतं. मला काटा आठवतो.

मनोरला महामार्ग ओलांडून बोईसरकडे वळलो, आणि गावात शिरता शिरता टँकरांच्या रांगेत अडकलो. गाडी चालती असली की समोरून वारा लागतो. उभी राहिली की सगळा भार पंख्यावर. काटा चढू लागला, तशी मी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. मागच्या टेम्पोवाल्यानं उतरून पाण्याची बाटली पुढे केली. "अंकल, ढक्कन खोलो, पानी डालो."

"अभी नहीं, भाई. गरम में खोला तो मुँह पे आएगा. और ठंडा पानी पडा तो इंजन फटेगा."

त्यानं बाटली मग माझ्याच हातात दिली. "तो आप पी लो. आप भी गरम हो."

नीलिमा इतकी हसली की मलाही हसावं लागलं.

वसुधाच्या घरी पोचलो तेव्हा शेजारच्या वाडीवाल्यांनी उकडहंडी (मडक्यात भाज्या, कंद आणि शेंगा घालून शिजवलेला इकडचा थंडीतला पदार्थ) पाठवली होती. ती वाढताना वसुधानं होणाऱ्या नवऱ्याबद्दल, भालचंद्रबद्दल सांगितलं. हा दांडीचा, जवळच्याच किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावचा. घरची होडी, स्वतः तांडेल (होडीचा प्रमुख). बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मामा दवाखान्यात होते तेव्हा शेजारच्या खाटेवर त्याची आई होती. दोघं आळीपाळीनं दोन्ही खाटांपाशी बसायची. "बाबा गेल्यावरही तो विचारायला येत राहिला," वसुधा म्हणाली. "पहिल्यांदा पापलेटं घेऊन आला. मी शाकाहारी आहे हे त्याला माहीतच नव्हतं."

मग ती बाहेर जाऊन गाडीच्या टपावरून हात फिरवून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालघरला नोंदणी पद्धतीनं लग्न लागलं. सह्या झाल्या, पेढे वाटले, आणि नवरानवरीला मागच्या सीटवर बसवून मी निघालो. भालचंद्र उंच, रापलेला, नव्या सदऱ्यात अवघडलेला माणूस. बोईसर सोडलं, कारखाने मागे पडले आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या आल्या. खारा वारा थेट जाळीवर येत होता, काटा मध्यावर स्थिर होता. मला वाटलं, जिंकलो.

दांडीच्या वेशीवर अख्खं गाव उभं होतं. पुढे बेंजोवाले, त्यांच्यापुढे नाचणारी माणसं. वरात! तिचा विचारच मी केला नव्हता. अशा गाडीसाठी घाटापेक्षा वरात वाईट. माणसाच्या चालीहूनही कमी वेग, वारा नाही आणि इंजिन चालूच.

गल्ली अरुंद होती. दोन्हीकडे बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. दहा पावलं पुढे जायचं, थांबायचं. काटा लाल पट्टीला टेकला. बोनेटच्या फटीतून वाफेची बारीक रेघ दिसली. गाडी बंद करावी तर वसुधाची वरात रस्त्यात थांबणार. चालू ठेवावी तर मामांचं इंजिन जाणार. आरशात पाहिलं. वसुधा पुढे वाकली होती.

"दादा, बंद कर."

"अगं, पण घर..."

"बंद कर आधी. बाबा असते तर केव्हाच केली असती."

मी चावी फिरवली. बेंजो थांबला. माणसं गोळा झाली. कुणीतरी होडीवरचा बर्फ घमेल्यात घालून धावत आणला. मी दोन्ही हात आडवे करून बोनेटपुढे उभा राहिलो. "नको, नको! बर्फ घालू नका, तडा जाईल!"

"मग आता?" भालचंद्रनं विचारलं.

इतक्या लांबून आणून शेवटच्या गल्लीत तिची गाडी बंद पडली होती. डोळ्यांत पाणी येतंय हे मला कळत होतं.

तेवढ्यात भालचंद्रची मोठी बहीण पुढे आली. तिला सगळं गाव आक्का म्हणतं. लुगड्याचा पदर कमरेला खोचत ती म्हणाली, "आमी होड्या ओढतो वाळूतून. हिला तर चाकं हायत! बंदच राऊ द्या. ढकला गं!"

"पण स्टिअरिंगवर कोणीतरी हवं," मी म्हणालो.

"मी बसते," वसुधा म्हणाली. मुंडावळ्या मागे सारून ती खाली उतरली आणि माझ्या जागी येऊन बसली. "बाबांनी हीच तर शिकवली होती मला."

भालचंद्रही उतरला. आक्का त्याच्यावर ओरडली, "तू नवरा हायस, बस आत!"

"नाय," तो म्हणाला आणि बाह्या दुमडून डिकीला खांदा लावला.

बेंजो पुन्हा सुरू झाला. आक्का, तिच्यासोबतच्या बाया, भालचंद्र, मी, जरीची साडी नेसलेली नीलिमा, आम्ही सगळे ढकलत होतो. नाचणारे पुढे नाचत होते. मागच्या काचेतून मला वसुधाचा अंबाडा दिसत होता, त्यातला गजरा आणि वळणावर सफाईनं फिरणारे हिरव्या चुड्यांचे हात. गाडी कुठेही घासली नाही. भालचंद्रच्या दारात तिनं हलकेच ब्रेक लावला, आणि मग मात्र स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. भालचंद्र खिडकीशी नुसता उभा राहिला. तिला सावकाश रडू दिलं त्यानं.

संध्याकाळी इंजिन पार निवल्यावर मी पाणी भरलं. एका फटक्यात सुरू झालं. हेड शाबूत होतं.

गाडी तिच्याकडेच ठेवू का, असं मी दुसऱ्या दिवशी पहाटे निघताना विचारलं. ती म्हणाली, "इथल्या खाऱ्या हवेत वर्षात गंजून जाईल. तुझ्याकडेच असू दे. फक्त चालवत राहा."

परतीच्या वाटेला आता चढ होता. मोखाड्याला, काटा वर सरकण्याआधीच मी आपणहून गाडी कडेला घेतली. बोनेट उघडलं. खाली दरीत धुकं अजून विरलं नव्हतं, आणि एक माणूस खाचराच्या बांधावरून दोन बैल नेत होता. नीलिमा म्हणाली, "अहो, जाताना पण इथेच थांबलो होतो आपण." मला काही केल्या आठवेना.

तेवढ्यात वसुधाचा फोन आला. "कुठवर आलात? तापली का?"

"नाही. आम्हीच थांबलोय."

मागून तिच्या घरातले आवाज येत होते. भांडी, कोंबडा, कुणाचं तरी मोठ्यानं हसणं. मामा गेल्यापासून तिच्याशी बोलताना फोनच्या पलीकडे मी कधी दुसरा आवाज ऐकला नव्हता. मग कुणीतरी हाक मारली, "वयनी, अगं वयनी!" ती बोलतच राहिली. पुन्हा हाक आली, तेव्हा ती एकदम थबकली.

"दादा, ठेवते हं," ती म्हणाली. "मला बोलावतायत."

आम्ही तिथे जरुरीपेक्षा जास्त वेळ बसलो. मग बोनेट लावलं आणि घाट चढायला लागलो.