भोंगा बंद पडला तेव्हा

“खोकून दाखवा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी खोकले. चांगली खणखणीत खोकले, दाराबाहेर बसलेल्या लोकांनी वळून बघितलं.

“आता ‘आई’ म्हणा.”

तोंड उघडलं, ओठ हलले, नुसती हवा बाहेर आली.

आरशाची दांडी माझ्या घशात घालून त्यांनी आधीच बघून घेतलं होतं. हात पुसत म्हणाल्या, “फंक्शनल अफोनिया. म्हणजे घशात काही बिघाड नाही, पण आवाज बंद. खोकला येतोय ना, मग आवाज शाबूत आहे. मनाला मोठा धक्का बसला की तो कधीकधी असा अडून बसतो. काय झालंय तुम्हाला?”

मला रागच आला. हळदीचं दूध पिऊन जीभ पिवळी झाली होती, मनात कॅन्सरपर्यंत जाऊन आले होते, आणि ही बाई म्हणते काही नाही! मी कुजबुजले, “म्हणजे मी नाटक करून राहिले काय?”

“नाटक माणूस ठरवून करतो,” त्या म्हणाल्या. “तुम्ही कुठं ठरवलंय?”

त्या एका वाक्यावर मी ढसाढसा रडले. रडण्यालाही आवाज नव्हता. असं कुणाला झालं असेल, घरात कुणाला होत असेल, तर आधी हेच सांगते: हे खोटं दुखणं नाही, आणि लाजायचं तर अजिबात नाही.

आता मुळापासून सांगते. माझा मोठा भाऊ मिलिंद, आमचा दादा, फौजेत होता. घरात माझा आवाज सगळ्यात मोठा म्हणून त्यानं माझं नाव भोंगा ठेवलं होतं. रजेवर आला की स्टँडवरूनच कुणाला तरी विचारायचा, “आमचा भोंगा चालू हाय का?” त्याची पलटण शांतिसेनेतून लंकेतल्या लढाईला गेली तेव्हा वहिनीला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण म्हणून वहिनी माहेरी उमरीला गेली. तिला आई नव्हती, म्हणून सोबत मी. ऐन वेळी मूल आडवं आलं आणि नांदेडच्या दवाखान्यात पोट चिरून मुलगी झाली. मुलगी अशी रडली की वहिनी म्हणाली, “घ्या ताई, तुमचीच भाची!”

ते दुष्काळाचं साल. दवाखान्याच्या अंगणात टँकर यायचा. मी कळशी घेऊन रांगेत उभी होते आणि समोर आबा आले. आमचे वडील. जळकोटजवळच्या आमच्या गावाहून नांदेडला यायचं म्हणजे आदल्या दिवशी निरोप यायचा, असे न कळवता कधी आले नव्हते. मला वाटलं, नात बघायला आले.

“मिलिंद गेला माय आपला,” आबा म्हणाले. “हेलिकॉप्टर पडलं. पेटी आली. माती बी झाली.”

माती बी झाली! म्हणजे अंत्यविधीसुद्धा उरकला होता. मागची बाई म्हणत होती, “ओ बाई, भरा की, टँकर जाईल.” आणि मी खरंच कळशी भरली. काठोकाठ भरली. काय भरतेय ते मला समजत नव्हतं.

दादा भरती झाला तेव्हा आमचं गाव उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. नंतर लातूर वेगळा जिल्हा झाला, पण त्याच्या कागदावर जुनाच राहिला. दादाला कधी बदलून घ्यायचं सुचलं नाही, आम्हाला तरी कुठं सुचलं? तार आधी तिकडं फिरून आली. तार आणि पेटी एकाच दिवशी गावात. पेटी उघडू नका म्हणून सोबतच्या फौजींनी हात जोडले. विचार करायला वेळ कुणाला होता? जाणत्या माणसांनी ठरवलं, बाळंतिणीला सांगायचं नाही. शिवलेलं पोट, कच्चं अंग, दूध आटेल. सव्वा महिना झाला की आबा सांगतील.

“तवर तू हसून राहा,” आबा म्हणाले. “तुला जमतंय.”

जमतंय! माझा सख्खा भाऊ गेला होता हो. मला पदर तोंडात कोंबून रडायलासुद्धा जागा नव्हती. कळशी घेऊन वर गेले. वहिनीनं विचारलं, “आबा आलते म्हणं? वर का न्हाई आले?”

“एस्टी होती त्यांची,” मी म्हणाले.

“ह्यांना कळवलं का पोरगी झाल्याचं?”

“हाव.”

“रजा मिळंल का हो?”

“मिळंल की.”

रोज तेच. ह्यांना नाव कोणतं आवडंल, नाक ह्यांच्यावर गेलंय का. मी हसायचे, बोलायचे. मग घसा बसल्यासारखा झाला. एके सकाळी उठले तर भोंगा बंद. वहिनीच्या जिवाला घोर लागला. ओली बाळंतीण माझ्यासाठी गरम पाणी मागून घेऊ लागली, आणि तिनंच हट्ट करून मला घशाच्या डॉक्टरीणबाईंकडं पाठवलं.

त्यांना मी हे सगळं कुजबुजून सांगितलं. त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाल्या, “असा धक्का बसून दूध काही दिवस कमी येऊ शकतं, पण बाळाला पाजत राहिलं की येतं. तुमचा आवाज मात्र आत्ताच आटलाय. हे ओझं तुम्ही एकटीनं किती दिवस वाहणार?”

गावात दादाचा जलदान विधी पुढच्या रविवारी ठरला होता. मेलेल्या माणसासाठी आम्हा बौद्धांत भंते येऊन वंदना घेतात, पाणी ओततात. त्याची बायको तिथं नसणार होती. हे मला काही केल्या गिळवेना.

वॉर्डात आले. वहिनी पोरीला टोपरं बांधत होती. मी म्हणाले, “वहिनी, दादा गेला.”

अख्ख्या वॉर्डाला ऐकू गेलं.

वहिनीचा चेहरा फुलला. “अगं बया! आला की ताई तुमचा आवाज!” असं म्हणून हसली. हसता हसता थांबली. टोपऱ्याचा बंद हातातच राहिला.

“काय म्हणलात?”

मी सगळं सांगितलं. लढाई, हेलिकॉप्टर, पेटी. ती रडली नाही. तिनं फक्त विचारलं, “माती कवा झाली?” मी सांगितलं. “म्हणजे मी रजेचं इचारत होते तवा?”

“हाव.”

त्यानंतर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मोठ्या डॉक्टरांना म्हणाली, मला गावाकडं जायचंय. त्यांनी टाके तपासले, पोटाला पट्टा बांधायला लावला आणि सोडलं. जीपमध्ये शेजारी बसून आलो, पण तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. आबा दारात उभे राहिले. तिनं त्यांच्या पायावर पोरगी ठेवली आणि सरळ दादाच्या फोटोपुढं जाऊन बसली.

रविवारी भंतेंनी त्रिसरण सुरू केलं. सगळे मागून म्हणत होते. माझा आवाज एकदा निघाला तो निघालाच. बेभान म्हणत होते, रडत म्हणत होते. शेजारची एक म्हातारी बाई मला चिमटा काढून म्हणाली, “हळू की गं, लोक बघून राहिलेत.”

वहिनी पोरीला पदराखाली घेऊन बसली होती. पोरगी चुटूचुटू दूध पीत होती. नांदेड सोडल्यापासून पहिल्यांदा तिनं माझ्याकडं मान वळवली.

“ओरडू द्या तिला,” ती म्हातारीला म्हणाली. “त्यानला आवडायचं.”

म्हणून हात जोडून सांगते. बाळंतीण असू द्या, आजारी असू द्या, तिच्या माणसाची बातमी तिच्यापासून लपवू नका. आणि लपवायची माझ्यासारखीवर वेळ आली, तर लवकर तोंड उघडा. त्या डॉक्टरीणबाईंचे उपकार मी विसरणार नाही. औषध त्यांनी एकही दिलं नाही.

ती पोरगी आता शाळेत शिकवते. वर्गाबाहेरून जाणाऱ्यालासुद्धा धडा पाठ होतो म्हणे. वहिनी तिला हाक मारते ती एकाच नावानं: भोंगा.