कुकरमधला बदामी कांदा

कांदा परतायला अक्कल लागत नाही, असं मी भर जेवणात म्हणालो. तो कांदा यजमानांनी स्वतःच्या हाताने परतला होता.

यजमान म्हणजे माझे साडूभाऊ, भास्करराव. सुरतेजवळ हजीऱ्याच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत, कंपनीच्या कॉलनीत राहतात, आणि अलीकडे त्यांना स्वयंपाकाचा नाद लागलाय. आम्ही पोहोचलो तेव्हा ते एप्रन बांधून गॅससमोर उभे होते. कढईत कांदा, हातात लाकडी उलथणं, चेहऱ्यावर समाधी!

"कॅरमलाइज्ड ओनियन, रमेशराव! मंद आच. सारखं हलवत राहायचं. घाई केली की गेलं सगळं."

त्यांनी इतका वेळ हलवलं, की तोवर आमच्या गप्पांतून सगळ्या नातेवाइकांचे आजार आणि निम्म्यांची लग्नं उरकली. मग भाजलेल्या पावावर तो कांदा आला. बदामी, चकचकीत, मधासारखा गोड. (उत्तम झाला होता. हे मी आज लिहितोय, तेव्हा बोललो नाही.)

"भाऊजी, काय सुरेख झालाय हो!" माझी बायको मंगल म्हणाली. तेवढ्यावर थांबली असती तर पुढचं काही घडलं नसतं. पण ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आमच्याकडे यांना गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरवतात तेसुद्धा ठाऊक नाही."

सगळे हसले. तेव्हा मी ते अकलेचं वाक्य बोललो. वर असंही म्हणालो, "भास्करराव, एवढं उभं कशाला राहायचं? इलेक्ट्रिक कुकरात टाका, बटण दाबा, खुर्चीत बसा. पुढच्या रविवारी आमच्याकडे या, दाखवतोच!"

आमच्याकडे इलेक्ट्रिक कुकर होता खरा. आमच्या मिलच्या सेठनी दिवाळीला दिलेला. तो अजून खोक्यातच होता.

माझ्या आत्मविश्वासाला आधार होता. मी पलसाण्याच्या एका मिलमध्ये डाइंग मास्टर आहे. पांढऱ्या कापडाला हवा तो रंग आणून देणं हे माझं काम. जो माणूस साड्यांच्या ताग्याला बरोब्बर बदामी छटा आणतो, त्याला कांद्याला आणता येणार नाही? आणि आमचं रंगाचं मशीन म्हणजे तरी काय, खोलीएवढा प्रेशर कुकरच!

रविवारी सकाळी मी पर्वत पाटियाच्या बाजारातून पाच किलो कांदा आणला.

"पाच किलो?" मंगलने विचारलं. "दोन माणसं येणार आहेत की वरात?"

"कांदा आटतो, मंगल. तुला त्यातलं शास्त्र कळणार नाही."

ती हसून बाल्कनीत गेली. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिच्या तशा हसण्याचा अर्थ मला त्या दिवशीही लागला नाही.

डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून मी मिलमधला सेफ्टी गॉगल लावला आणि कापायला बसलो. आई देवपूजा आटोपून बाहेर आली. ती सुरतेत इतकी वर्षं राहूनही अमळनेरच्या अहिराणीबाहेर एक शब्द बोलत नाही. मला बघून दारातच थबकली.

"हाई काय शे? कांदा कापी राहिना का वेल्डिंग करी राहिना?"

"आई, आज जेवण माझ्याकडे."

आईने मंगलकडे पाहिलं. मंगलने आईकडे पाहिलं. एरवी मिठाच्या डब्याच्या जागेवरूनही ज्यांचं पटत नाही, त्या सासू-सुनेचं त्या एका नजरेत संपूर्ण एकमत झालं!

कांदा कुकरच्या भांड्यात शिगोशीग भरला. आत एक रेघ होती, तिच्यावर जाऊ नये असं लिहिलेलं. (अशा रेघा अडाणी लोकांसाठी असतात.) आदल्या रात्री मी पाहिलेल्या व्हिडिओतली बाई म्हणाली होती, चिमूटभर खायचा सोडा टाका, रंग लवकर येतो. सोडा! हे तर माझं घरचं क्षेत्र. मिलमध्ये आम्ही सोडा पोत्याने वापरतो. चिमटीने काय होणार? मी चांगले भरघोस चमचे टाकले. खाली लागू नये म्हणून दोन ग्लास पाणीही ओतलं, झाकण फिरवलं, बटण दाबलं आणि खरंच खुर्चीत बसलो. पेपरसुद्धा उघडला.

आई कुकरासमोर पाट मांडून बसली. "शिट्टी कव्हय व्हई रे?"

"याला शिट्टी नसते, आई."

"शिट्टी नही?" आई पाट उचलून लांब सरकली. "मंग याना भरोसा काय?"

एवढ्यात बेल वाजली. भास्करराव आणि मंगलची थोरली बहीण उज्ज्वलाताई. साडूभाऊंनी पांढराशुभ्र लिननचा शर्ट घातला होता. ते सरळ स्वयंपाकघरात आले, हात मागे बांधून कुकराभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "वास मात्र उकडल्यासारखा येतोय, रमेशराव."

"अजून झाकणात आहे. आत रंग चढतोय."

"प्रेशर आपोआप उतरू द्या बरं का."

आता माझ्या घरात, माझ्या कुकराबद्दल, मला, हा माणूस शिकवणार? मी म्हटलं, "तुम्ही फक्त बघा!" आणि वाफेची चावी एका झटक्यात फिरवली.

आधी नुसती वाफ आली. मग फस्स् असा आवाज झाला. आणि मग सोड्याने फुगलेल्या त्या कांद्याचा फेस, पिवळाधमक, कारंज्यासारखा उसळून थेट छतावर गेला! छतावरून तो पंख्यावर आला. पंखा चालू होता.

त्यानंतर स्वयंपाकघरात कोणीही पूर्वीच्या रंगाचं राहिलं नाही.

"बंद करा हो! बंद करा!" मंगल ओरडत होती.

"कुकर की पंखा?" मी विचारत होतो.

"तोंड!"

भास्कररावांचा शर्ट कॉलरपासून पोटापर्यंत पिवळा झाला होता. नशीब, फेस अंगावर येईपर्यंत कोमट झाला होता, भाजलं कोणालाच नाही. फक्त चव घेतल्यासारखी सगळ्यांची तोंडं वाकडी झाली होती.

वास खिडकीतून डक्टमध्ये गेला आणि डक्टमधून सगळ्या इमारतीत. पाच किलो कांद्याचा! समोरच्या हंसाबेन नाकाला पदर लावून दारात हजर झाल्या. त्यांच्याकडे कांदा-लसूण वर्ज्य. आम्हाला फ्लॅट मिळतानाच त्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये आमच्या शेवभाजीवर भाषण केलं होतं.

"आ शेनी वास आवे छे, भाई? अमारे त्यां तो कांदा-लसण चालतुं ज नथी!"

"बेन, प्रयोग छे," मी पिवळ्या तोंडाने सांगितलं.

त्यांच्यामागे त्यांचे यजमान महेंद्रभाई उभे होते. डोळे मिटून, छाती भरून श्वास घेत होते. हंसाबेन रागाने वळून गेल्या तशी त्यांनी दारात एक पाऊल टाकून हळूच विचारलं, "बाकी सुगंध सारी छे. थोडुं वध्युं छे?" (म्हणजे थोडंसं उरलंय का! एवढं सोवळं असलेल्या घराचा कर्ता पुरुष!)

उरलं होतं तर. झाकण उघडलं, तर आत बदामी काही नव्हतं. सोड्याने हळदीसारख्या पिवळ्या झालेल्या पाण्यात बुडालेला पिवळसर हिरवट लगदा होता. अशी छटा मिलमध्ये निघाली असती तर मी कारागिराला घरी पाठवलं असतं.

तरीही मी माघार घेतली नाही. पाव भाजला, लगदा थापला, साडूभाऊंपुढे धरला. त्यांनी घास घेतला. बराच वेळ चावला. कॉलनीतल्या माणसाच्या सभ्यतेने म्हणाले, "वेगळंच आहे काहीतरी."

आईला सभ्यतेचं बंधन नव्हतं. तिने बोटाने चाटलं आणि जाहीर केलं, "हाई खावानं शे का धुवानं?"

सोडा जास्त झाल्यावर कांदा साबणासारखा लागतो, हे शास्त्र मला तिथे समजलं.

"चला, हात धुवा. पानं घेते," मंगल म्हणाली. बाल्कनीतल्या शेगडीवरून तिने झाकलेलं पातेलं आणलं. काळ्या मसाल्याची शेवभाजी, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा! हे सगळं तिने पहाटेच उठून केलं होतं.

"तुला माझ्यावर विश्वास नव्हता?" मी दुखावल्या सुरात विचारलं.

"होता ना. म्हणूनच केलं."

भास्कररावांनी माझा टी-शर्ट घालून, बोटं चाटत तीन भाकऱ्या खाल्ल्या. महेंद्रभाईंना शेवभाजीची वाटी पोचवली गेली, कुठल्या दाराने ते विचारू नका. पाहुणे गेल्यावर मी स्टुलावर चढून छत पुसायला लागलो. खाली मंगल बादली धरून उभी होती, आणि चक्क गाणं गुणगुणत होती!

"एवढी अब्रू गेली, आणि तू गातेस?"

"जाताना ताई काय म्हणाली माहितेय?" ती हसायलाच लागली. "म्हणाली, मंगल, सुखी आहेस बाई. तुझा नवरा एकदाच करतो आणि बिघडवतो, विषय संपतो. आमचे दर रविवारी करतात, चांगलं करतात, आणि दर रविवारी मला टाळ्या वाजवाव्या लागतात. वर ओटा मीच घासायचा!"

बहिणीच्या संसाराचा हेवा मंगलने इतकी वर्षं मनात जपला होता. तो त्या दुपारी कायमचा गेला. बायकोला सुखी करायला मी साड्या आणल्या, दागिने केले, महाबळेश्वर दाखवलं. खरं तर मी स्वयंपाकघरात एकदा जायचं होतं, आणि पुन्हा जाणार नाही असं वचन द्यायचं होतं.