तंद्रीतला टाका

दुकान म्हणजे एक लांबट खोली. दाराकडच्या अर्ध्यात शिंप्याचं मशीन, खिडकीकडच्या अर्ध्यात मावशींची खुर्ची. मावशी रफू करायच्या. त्या साऱ्या गल्लीच्या मावशी, शिंप्याच्या मात्र वहिनी, कारण त्यांचे यजमान आणि शिंपी शाळेत एका बाकावर बसलेले. रफूचं काम मुळात यजमानांचं. मावशी लग्न होऊन आल्या आणि त्यांच्याकडूनच ते शिकल्या.

रफू म्हणजे ठिगळ नव्हे. कापडाच्याच आतल्या दुमडीतून धागे काढायचे, भोकावर आधी उभे ताणायचे, मग आडवे एकावरून एकाखालून न्यायचे. गिऱ्हाइकाने कापड उलटंसुलटं करून "भोक कुठं होतं हो?" असं विचारलं की काम जमलं. यजमानांची एकच शिस्त होती: भोक उघडं ठेवून उठायचं नाही. मध्येच उठलं की हाताचा ताण बदलतो, आणि कापड ते विसरत नाही.

यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांचं स्टूल मात्र मावशींच्या समोर तसंच होतं. त्यावर कोणी बसत नसे. शिंप्याने एकदा कात्री ठेवली, तर मावशींनी ती न बोलता उचलून त्याच्या हातात दिली होती.

मावशींना मधुमेह होता. अलीकडे डॉक्टरीणबाईंनी एक नवी गोळी वाढवली होती. गोळी घेतल्यावर जेवायला उशीर करू नका, असं त्यांनी बजावलंही होतं. पण त्या बोलत असताना मावशी त्यांच्या पांढऱ्या कोटाची उसवलेली बाही बघत बसल्या होत्या. ऐकलं ते बरोबर गेलेल्या सुनेने.

मावशी सकाळी गोळी घेत, बिनसाखरेचा चहा पीत आणि खुर्चीत बसत. डबा खिडकीत. भोक मिटेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. भोक मोठं असलं की दुपार कलायची, आणि मग ती तंद्री लागायची.

आधी ओठांना मुंग्या यायच्या. मग खिडकीतला उजेड पातळ सायीसारखा कापडावर पसरायचा. वीण रुंद होत जायची. उभ्याआडव्या धाग्यांच्या वाटा व्हायच्या, आणि मावशी सुईचं बोट धरून त्या वाटांनी चालू लागायच्या. चालता चालता मान वर केली की स्टुलावर ते बसलेले असायचे. चश्मा कपाळावर, डोळे बारीक करून डाव्या हाताने सुईत दोरा ओवताहेत. बोलायचे नाहीत. नुसते असायचे.

मावशींचे हात कापत, पाठ घामाने भिजे, छाती धडधडे. त्यांना त्याचं नवल वाटत नसे. इतक्या वर्षांनी माणूस भेटल्यावर छाती धडधडणारच की. दोन घास पोटात गेले की मात्र स्टूल पुन्हा नुसतं स्टूल होई. म्हणून हल्ली मावशी छोट्या भोकालाही वेळ लावू लागल्या होत्या. हे त्या कोणालाच सांगणार नव्हत्या. सांगितलं असतं तर सुनेने डॉक्टरीणबाईंकडे नेलं असतं, आणि डॉक्टरीणबाईंनी यजमानांना पुन्हा घालवून दिलं असतं.

त्या दिवशी एका वृद्ध गृहस्थांचा जाड लोकरीचा ओव्हरकोट आला होता. खिशाखाली कसरीने केलेलं भोक. मावशींनी मांडीवर शाल घेतली, शालीवर कोट घेतला आणि वाटेला लागल्या.

"वहिनी, जेवून घ्या," शिंपी मशीनवरून म्हणाला.

मावशींनी पुढची ओळ घेतली.

"वहिनी, आज उपाशीच राहायचं ठरवलंय की काय?"

"गप्प बसा हो जरा," मावशी वर न बघता म्हणाल्या. "मेलं ते मशीन आधी थांबवा. ते कधी नव्हे ते बोलायला लागलेत."

शिंप्याचा पाय मशीनवरच थांबला. वहिनींची जीभ तिखट हे त्याला ठाऊक होतं, पण आज ती जडही झाली होती. जवळ जाऊन पाहतो तर चेहरा पांढराफटक, केस घामाने कपाळाला चिकटलेले, आणि ओठांवर हसू. सुई चालूच होती. तो घाबरला. कोपऱ्यावरून चहा घेऊन आला, आवर्जून बिनसाखरेचा.

तेवढ्यात सून आली. दुपारच्या सुट्टीत ती रोज एक चक्कर मारी. तिने सासूबाईंच्या कपाळाला हात लावला.

"आई, मी कोण?"

"अगं, जरा सरक. त्यांना उजेड येत नाहीये."

सून वळली. "काका, चहात साखर आहे?"

"छे! मी शुद्धीवर आहे. वहिनींना साखर कशी देऊ?"

"साखर आणा. पळा!"

"अगं, त्यांना साखरेचाच आजार आहे ना?"

"काका, रक्तातली साखर संपत आलीय त्यांची! वाद नंतर घाला!"

शिंपी या वयात पळाला. सुनेने कोमट पाण्यात तीन-चार चमचे साखर ढवळली. सासूबाई जाग्या आहेत, घोट गिळताहेत, हे बघत बघत तिने पेला ओठाला लावला. पाव तासाने मावशींनी डोळे चोळले. स्टुलाकडे पाहिलं. मग सुनेकडे.

"तू कधी आलीस?"

"घ्या," शिंपी खाली बसत म्हणाला. "आणि मी पळून पळून मेलो ते?"

सुनेने डबा उघडून त्यांना जेवायला लावलं. मग डॉक्टरीणबाईंकडे जायचं म्हणून मावशी उठल्या, तर कोटही त्यांच्याबरोबर उठला. त्यांनी कोट शालीला शिवला होता. बारीक, घट्ट, रांगेतले टाके. शिंप्याला हसू आलं, पण मावशींचं तोंड बघून त्याने ते गिळलं. उभ्या आयुष्यात त्यांच्या हातून असं झालं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी बोट टोचून साखर पाहिली. इतकं गोड पाणी पोटात जाऊनही ती जेमतेमच वर आली होती. "मावशी, गोळीचं काम साखर खाली आणणं. तुम्ही जेवलात की नाही हे तिला कळत नाही. मेंदू साखरेवर चालतो. ती कमी पडली की घाम, थरथर, धडधड, चिडचिड, आणि मग असलं भलतंसलतं."

मावशींनी टोचलेलं बोट पदराला पुसलं. "थोडीशीच खाली गेली तर चालेल का? अगदी थोडी?"

"कशासाठी?"

मग मावशींनी सांगितलं. सून दाराकडे बघू लागली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

"आणखी खाली गेली तर झटके येतात, शुद्ध हरपते," त्या हळूच म्हणाल्या. "मग तोंडात काही घालायचं नाही, घास श्वासात अडकतो. तडक दवाखान्यात आणायचं. आणि सारखं सारखं झालं तर शरीर खुणा द्यायचंच सोडून देतं. धडधड नाही, घाम नाही, एकदम अंधार. तुम्हाला ते भेटतात असं वाटतं ना, तेव्हा तिथे बघायला तुम्हीच पुऱ्या उरलेल्या नसता, मावशी."

त्यांनी गोळी कमी करून दिली. मनाने बंद करायची नाही, जेवण चुकवायचं नाही, असं वाटलंच तर आधी साखर आणि मग बाकी सगळं, आणि पुन्हा झालं तर त्याच दिवशी यायचं. आज रात्रीही साखर तपासत राहा, गोळीचा जोर लगेच उतरत नाही, असं त्यांनी सुनेला सांगितलं.

पुढचे दिवस कोरडे गेले. डोकं स्वच्छ, हात स्थिर, स्टूल रिकामं. मावशी वेळेवर जेवत आणि जेवताना कोणाशी बोलत नसत. शिंप्याने साखरेचा डबा आणून खिडकीत ठेवला, तर "मुंग्या होतील" एवढंच म्हणाल्या.

तो कोट त्यांनी शेवटी एका दुपारी हातात घेतला. शालीचे टाके एकेक करून उसवले. मग भोक नीट दिसावं म्हणून अस्तर सोडवलं आणि कोट उलटा केला. खिशाच्या वरच्या बाजूला बोट थबकलं. सुलट बाजूने तिथे काही नव्हतं. उलट बाजूने जुनं रफू होतं.

रफू करणारा प्रत्येक ओळीच्या शेवटी दोऱ्याचा चिमुकला फास सैल ठेवतो, कापड आटलं तर चुणी पडू नये म्हणून. इथले फास नेहमीपेक्षा जरा मोठे होते, आणि सगळे उलट्या बाजूला कललेले. डावखुऱ्या माणसाचे. या गल्लीत डावखुरा रफूवाला एकच होऊन गेला होता.

मावशींनी चश्मा पुसला. एक ओळ, दुसरी ओळ. एका ठिकाणी दोरा संपून नवा जोडलेला. एका ठिकाणी ताण बदललेला, अगदी किंचित. म्हणजे हे मध्येच उठले होते! मला शिस्त शिकवून स्वतः चहाला गेले असणार. मावशी एकट्याच हसल्या. हात कापत नव्हता, म्हणून तर ते दिसलं होतं.

त्यांनी खालच्या भोकावर उभे धागे ताणले, आडवे सुरू केले. अर्ध्यावर आल्या तोच शिंपी ओरडला, "वहिनी, डबा! नाहीतर तुमच्या सुनेला बोलावतो!"

"आले हो, आले. घसा कशाला फाडताय?"

त्यांनी सुई कोटातच खोचली, भोक तसंच उघडं ठेवलं आणि खिडकीतला डबा घ्यायला उठल्या.